आबांच्या नावाचं पान

माझं अक्षर चांगलं आहे. सदाशिव पेठेतल्या आमच्या शाळेत फळ्यावरचा सुविचार सलग पाच वर्षं मीच लिहीत होते. एकदा मी गोवराने आजारी पडले तेव्हा बाईंनी दोन आठवडे सुविचार बदललाच नव्हता. नात्यातल्या लग्नांची आहेराची पाकिटं, मुंजीच्या याद्या, गणपतीच्या वर्गणीचे तक्ते, सगळं आमच्या दोन खोल्यांत यायचं आणि मी ऐटीत लिहून द्यायचे. लोक म्हणायचे, छापल्यासारखं आहे हो! आणि मला ते खरंच वाटायचं. आज ज्या गोष्टीबद्दल लिहायला बसले आहे तिची मला लाज वाटते, आणि ती याच अक्षराने केली आहे, म्हणून आधी हे सांगितलेलं बरं.

लग्न होऊन मी हडपसरला आले. माहेरच्या मंडळींनी तेव्हा इतक्या काळजीने निरोप दिला होता की जसं काही मी समुद्र ओलांडून चालले होते. सासरचे शेतकरी. सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणत, मीही म्हणू लागले. आबांचं चार एकर रान होतं. ऊस असायचा, कांदा असायचा आणि दसऱ्याच्या हिशोबाने लावलेला झेंडू असायचा. आबा घरात सगळ्यांना अरे-तुरे करायचे, मला मात्र पहिल्या दिवसापासून "सूनबाई, तुमी". पेठेतली शिकलेली मुलगी म्हणून असेल. सासूबाई होत्या तोवर आमचं बोलणं त्यांच्यामार्फतच व्हायचं, आणि त्या गेल्यावर ते चहा, औषध आणि जेवण एवढ्यावर आलं. वाईट काही नव्हतं. सवय नव्हती, इतकंच.

पुढे ते रान बिल्डरला गेलं. आजूबाजूची सगळीच जात होती. माझे यजमान आणि त्यांचे भाऊ दोघेही नोकरीवाले, शेती कोण करणार? आबा वर्षभर नाही म्हणत होते, मग एक दिवस गप्प बसले आणि कागदांवर सह्या करून मोकळे झाले. त्या रानावर चार विंगांची सोसायटी उभी राहिली आणि मोबदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. आबा तिला कधी "आपली सोसायटी" म्हणाले नाहीत. "बिल्डिंग" म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी आबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात यजमानांना ऑफिसच्या कामाने बंगळुरूला जावं लागलं. दिवसभरासाठी ठरवलेला माणूस दोन दिवसांनी येणार होता. एके पहाटे आबांच्या खोलीतून आवाज आला म्हणून मी गेले. त्यांचं अंथरूण खराब झालं होतं. ते कसेबसे उठून कडेला बसले होते आणि तोंड भिंतीकडे केलं होतं. मी दिवा लावला, आणि मग त्यांच्या खांद्यांकडे पाहून पुन्हा मालवला. बाहेरच्या उजेडात जेवढं दिसत होतं तेवढ्यावर सगळं केलं. त्यांना पुसून काढलं, कपडे बदलले, चादर बदलली. कामाच्या बाई यायच्या आत मी चादर धुऊन वाळत घातली होती. "आबा, चहा ठेवते," एवढंच बोलले. हे मी कोणाला सांगितलं नाही, यजमानांनाही नाही. आबांच्यात आणि माझ्यात त्यावर कधी एक शब्द झाला नाही.

माझ्या हातून झालेल्या बऱ्या गोष्टींत ही एक होती. म्हणून पुढचं सांगायला जास्तच जड जातं.

त्यानंतरच्या दुसऱ्या नवरात्रात सोसायटीच्या सांस्कृतिक समितीत मी एक कल्पना मांडली. दरवर्षी आमच्याकडे बोहरी आळीतून आणलेली प्लॅस्टिकची तोरणं दारोदार लागायची, सगळ्यांची सारखी. मी म्हटलं, या वर्षी तोरणं घरी करू या. कागदाची आपट्याची पानं कापायची, प्रत्येक पानावर कोणाचे आणि कशाबद्दल आभार मानायचे ते लिहायचं, मध्ये झेंडूची फुलं ओवायची. दसऱ्याला आपण सोनं म्हणून पानं वाटतो, त्यावर दोन शब्द असले तर काय बिघडलं? नवमीला परीक्षण करायचं आणि दसऱ्याच्या सकाळी बक्षीस द्यायचं. आमचे सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ, चष्म्यावरून बघत म्हणाले, "वहिनी, आभार मानायला लावायचेच असतील तर न मानणाऱ्याला दंडही ठेवा. नाहीतर कोणी मानायचं नाही."

सूचनाफलकावरची सूचना अर्थातच मी लिहिली. तीन नियम घातले. बाजारातून तयार काही आणायचं नाही. घरातल्या प्रत्येक माणसाचं किमान एक पान हवं. आणि प्रत्येकाने आपलं पान स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायचं. तिसऱ्या नियमाखाली मी लाल रेघ मारली होती. समितीतल्या लोकांनी भाग घ्यायला हरकत नव्हती, परीक्षक तेवढे बाहेरचे बोलावले होते.

आमच्या घरात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. मी तीन रंगांचे जाड कागद आणले, पिवळा, शेवाळी आणि वाळलेल्या पानाचा असतो तसला तपकिरी. कागद मधोमध दुमडून कापला की आपट्याचं जोडपान बरोबर उघडतं. सोनेरी पेनने शिरा काढल्या, देठाशी भोक पाडलं. माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. तिने तिच्या तीन मैत्रिणींसाठी तीन पानं लिहिली आणि कोणालाही वाचू दिली नाहीत. यजमानांनी हिंजवडीहून सव्वानऊला घरी येऊन "कंपनीच्या बसचे आभार" असं लिहिलं. मी ते परत करायला लावलं, तेव्हा कुठे त्यांना आपल्या गणिताच्या सरांची आठवण झाली. मी माझ्या आईचं पान लिहिलं. आबांच्या टेबलावरही एक कोरं पान आणि स्केचपेन ठेवून म्हटलं, "आबा, जमलं तर तुमचंही एक." जमलं तर, हे मी चांगुलपणाने म्हटलं होतं असं मला वाटत होतं. खरं तर ते जमणार नाही असंच मी धरून चालले होते, आणि त्यांच्या वतीने आपणच काहीतरी लिहू, हेही मनात ठरून गेलं होतं.

अष्टमीच्या दुपारी आबांनी मला हाक मारली आणि पान पुढे केलं.

डाव्या हाताने लिहिलं होतं. पहिलं अक्षर अर्धं पान व्यापून बसलं होतं. पुढची अक्षरं लहान लहान होत कडेला गेली होती, जागा संपली म्हणून शेवटचे दोन शब्द कडेने वर चढवले होते. माझ्या सोनेरी शिरेवर शाई फिसकटली होती. लिहिलं होतं, "सूनबाई तुमी माजी लाज राखली". खाली "आबा".

मला लगेच समजलं कशाबद्दल आहे ते. मी "छान लिहिलंय आबा," म्हणाले आणि पान घेऊन बाहेर आले. तिथे दोन मिनिटं बसायला हवं होतं. त्यांच्याकडे बघायला तरी हवं होतं. पण चहाची वेळ झाली होती, आणि मला रडू येईल अशी भीती वाटली. आमच्या माहेरी सासऱ्यांसमोर रडण्याची पद्धत नव्हती.

संध्याकाळी तोरण ओवायला बसले. पानं क्रमाने मांडली. आबांचं पान मध्ये ठेवून पाहिलं, मग कडेला ठेवून पाहिलं. सगळ्या ओळीत तेच डोळ्यांत भरत होतं. उद्या परीक्षक येणार. माझ्या मनाने भराभर कारणं पुरवली. हे खाजगी आहे. येणारेजाणारे विचारतील, कसली हो लाज राखली? मग आबांना किती संकोच होईल! शिवाय माझीच स्तुती माझ्याच दारावर, लोक म्हणतील हिनेच लिहून घेतली. ही सगळी कारणं खरी होती, आणि त्यांतल्या एकाहीसाठी मी ते पान बाजूला ठेवलं नाही. ते दिसायला वाईट होतं म्हणून ठेवलं. मला पहिलं बक्षीस हवं होतं. पन्नाशीच्या बाईला कागदी तोरणाचं बक्षीस हवं होतं, हे लिहितानासुद्धा मला कुठे तोंड लपवावं असं होतं.

मी नवं तपकिरी पान घेतलं. शेतकरी माणूस काय लिहील, याचा विचार केला. एका मिनिटात सुचलं. "काळ्या आईचे आभार, जिने मला आयुष्यभर पोसले." खाली "आबा". नेहमीसारखं लिहिलं असतं तर ओळखू आलं असतं, म्हणून हात सैल सोडून अक्षर जरा थरथरतं काढलं. देखणं थरथरतं. काना किंचित वाकडा, वेलांटी थोडी हललेली. दोन पानं वाया गेली, तिसरं मनासारखं उतरलं. मग आबांनी लिहिलेलं पान चौघडी घालून कागदाच्या कपट्यांबरोबर सुक्या कचऱ्यात टाकलं. दुसरं लावायचंच होतं तर पहिलं कपाटात जपून ठेवायला काय झालं होतं, हे मी स्वतःला कितीतरी वेळा विचारलं आहे. उत्तर सोपं आहे. एकाच्या नावाची दोन पानं घरात असली की कोणीतरी विचारतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाटावर आबांचा विळा आणि खुरपं, माझी शिवणाची कात्री आणि मुलीचा लॅपटॉप असं सगळं मांडून मी पूजा करत होते. ज्यांच्यावर आपलं पोट चालतं त्या वस्तूंना नमस्कार करायचा दिवस. मुलगी दारातून आत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, ते आबांचं पान तुझं हँडरायटिंग आहे ना?"

"कशावरून?"

"आई, प्लीज. माझ्या सगळ्या जर्नलवर तुझं हँडरायटिंग आहे. आबांचं ओरिजिनल कुठंय?"

"पाणी सांडलं त्याच्यावर," मी म्हणाले. खंडेनवमीच्या दिवशी, हातात कुंकवाची कोयरी घेऊन.

ती म्हणाली, "त्यांनी चार दिवस प्रॅक्टिस केली होती. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. मी पॅड धरून बसायचे, नाहीतर कागद सरकतो. तुला सांगायचं नाही म्हणाले होते. सही सोडली तर झटक्यानंतर त्यांनी लिहिलेली ती पहिली गोष्ट होती."

मला तेव्हा उठता आलं असतं. सुक्या कचऱ्याची गाडी अकराला येते, घड्याळात साडेदहा वाजले होते. पण त्याच वेळी बेल वाजली आणि परीक्षक दारात उभ्या राहिल्या. शेजारच्या सोसायटीतल्या निवृत्त चित्रकला शिक्षिका होत्या, दोघीजणी. मी हसून त्यांना सामोरी गेले. त्या तोरणाखाली बराच वेळ थांबल्या, वर बघत, एकमेकींना कोपराने खुणावत. मी चहा विचारला. त्या गेल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते.

आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तोरण दाराच्या बाहेरच्या बाजूला, उंच. मान वर करून वाचणं त्यांना जमत नसे. संध्याकाळी त्यांना कॉरिडॉरमध्ये फिरायला नेलं तेव्हा ते तोरणाकडे बोट करून म्हणाले, "माजं कंचं?" मी त्या तपकिरी पानाकडे बोट केलं. त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर समाधान होतं.

दसऱ्याच्या सकाळी खाली पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या जागेत, खुर्च्या मांडल्या होत्या. आबांना पांढरा सदरा आणि टोपी घालून व्हीलचेअरवर खाली आणलं. आमचाच पहिला नंबर आला. मला ते नाव पुकारल्यावर आनंद झाला, हेही सांगून टाकते. मुलीने पॅड धरल्याचं ऐकूनही झाला. मग परीक्षकांतल्या एका बाईंनी आमचं तोरण मागवून घेतलं, त्यातलं एक पान बोटांत धरलं आणि माईकवर म्हणाल्या, "या एका पानाने आम्हाला जिंकलं. ज्या हाताला पेन धरता येत नाही, त्या हाताने हे लिहिलंय. यातली थरथर बघा." आणि त्यांनी ते वाचलं. काळ्या आईचे आभार, जिने मला आयुष्यभर पोसले.

टाळ्या झाल्या. सेक्रेटरींना राहवलं नाही. एरवी माणूस तोलूनमापून बोलणारा, त्या दिवशी त्यांनी माईकच हातात घेतला. "मंडळी, नव्या लोकांना माहीत नसेल, आपण आत्ता बसलोय ती जमीन आबांचीच. आपण सगळे त्यांच्या शेतात राहतो!" पुन्हा टाळ्या झाल्या, या वेळी लोक उभे राहिले.

मी आबांकडे पाहत होते. पहिल्यांदा त्यांना कळलंच नाही की हे त्यांच्याबद्दल आहे. मग बाईंनी ते पान तोरणातून सोडवून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, खूप वेळ बघितलं, उलटं करून मागची कोरी बाजू बघितली. मग त्यांनी मान वर करून मला शोधलं. मी तिसऱ्या रांगेत होते, भरजरी साडीत. सेक्रेटरींनी माईक त्यांच्या तोंडाशी धरला, "आबा, दोन शब्द."

एक शब्द पुरला असता. हे माझं नाही, एवढं ते बोलू शकत होते, तेवढी वाचा त्यांना आली होती. ते माईककडे बघत राहिले. माझ्या मनात एकच धावा चालला होता, बोलू नका, आबा, बोलू नका. त्यांनी डावा हात कपाळापर्यंत नेला, सगळ्यांना नमस्कार केला आणि मान खाली घातली. लोकांना वाटलं, म्हातारबुवांना भरून आलं. दोन बायकांनी डोळे टिपले. आबांनी चारचौघांत माझी लाज राखली होती.

वर आल्यावर यजमान आणि मुलगी सोनं वाटायला बाहेर पडले. मी आबांना पाणी दिलं. ते पाणी प्यायले, पेला ठेवला आणि म्हणाले, "माजं कुटं हाय?"

मी खरं सांगितलं. टाकलं म्हणून सांगितलं. पाणी सांडल्याचं त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही, की गरज वाटली नाही, कोण जाणे.

त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो आणि मी तो वेळ तिथे उभी राहून काढला. "रान मी इकलं, सूनबाई," ते म्हणाले. "पोरांनी न्हाय. सही माजी हाय. इकल्याल्या आईचं आभार कंच्या तोंडानं मानू? आन् ते बी हितं, तिच्या उरावर बसून?"

"आबा, मला वाटलं..."

"समद्यांनी टाळ्या वाजिवल्या. मला वाटलं जमीन दुभंगंल तर बरं."

मी खाली बसले. त्यांच्या पायाशी नाही, तेवढं मला कधी जमलं नाही. पलंगाच्या कडेला बसले. चुकलं माझं, असं म्हणाले. तुमचं पान लोकांनी वाचलं असतं, उगाच चर्चा झाली असती, म्हणून, असंही काहीतरी म्हणाले. ते ऐकताना मलाच ते खोटं वाटत होतं.

"दारावर लावाय कशाला पायजे हुतं?" आबा म्हणाले. "ते लोकांसाटी न्हवतंच. मला तोंडानं म्हनता येत न्हवतं, म्हनून तुमाला लिवलं हुतं."

दीड-पावणेदोन वर्षं त्या पहाटेबद्दल आम्ही दोघे गप्प होतो. मला वाटायचं, तो माझा समजूतदारपणा आहे. हा माणूस तितका वेळ एक वाक्य मनात धरून बसला होता. ते सांगायला त्याला दुसरा हात शिकवावा लागला, आणि मी ते वाक्य वाचून चहा ठेवायला गेले होते.

"वाढा आता," ते शेवटी म्हणाले. "सन हाय."

दुपारी सगळे झोपल्यावर मी खाली कचऱ्याच्या खोलीत गेले. आदल्या दिवशीच गाडी गेली होती, हे मला पक्कं माहीत होतं, तरी गेले. तिथे काम करणाऱ्या बाईंना म्हटलं, एक कागद चुकून गेलाय. त्यांनी विचारलं, "कामाचा हाय का?" मी हो म्हटलं. त्यांनी बिचाऱ्यांनी माझ्यासाठी दोन गोण्या उपसल्या. झेंडूच्या पाकळ्या, मिठाईचे खोके आणि ऑनलाइन खरेदीचे पुठ्ठे निघाले. कॅलेंडरची पानं तरी मिळतील म्हणून मी आबांच्या टेबलाचा खण पाहिला. ती त्यांनीच फाडून टाकली होती, मुलीने सांगितलं. पान नीट उतरल्यावर कच्चं कशाला ठेवायचं, असं म्हणाले होते.

बक्षीस म्हणून मिळालेली पितळी समई मी परत केली नाही. करायला हवी होती. पण परत करायची तर सेक्रेटरींना कारण सांगावं लागलं असतं, आणि त्या परीक्षक बाईंनाही. रोज ठरवायचे आणि रोज राहायचं. आठवड्याने यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, एवढं काय त्यात? कागदाचं पान तर होतं." त्यांचा तो स्वभावच आहे, मनात वाईट नसतं. मुलीने त्या वर्षीच्या जर्नलवर स्वतःच नाव घातलं, तिच्या त्या तिरक्या, घाईच्या अक्षरात. मी "दे की इकडे" म्हटल्यावर "राहू दे" म्हणाली.

आबा माझ्याशी बदलले नाहीत, हे जास्त अवघड आहे. रागावले असते तर मी समजूत काढली असती. त्यांचं तेच, "सूनबाई, तुमी". चहा, औषध, जेवण. डावा हात आता पुष्कळ सुधारला आहे. त्या हाताने जेवतात, सदऱ्याची बटणं लावतात, लसणाच्या पाकळ्या सोलून देतात. व्यायाम करून घ्यायला येणारा मुलगा त्यांच्यापुढे वही ठेवायचा, गिरवा म्हणायचा. ते वही मिटून त्याच्या हातात द्यायचे. तोरणांची स्पर्धा पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणी घेतली. आबांच्या टेबलावर कोरं पान ठेवायला माझा हात धजला नाही.

या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. यजमानांना सुटी मिळाली नाही, म्हणून मीच घेऊन गेले. भरती करून घेताना तिथल्या नर्सने संमतीचा फॉर्म पुढे केला. चांगली हसतमुख मुलगी होती. "आजोबा, सही येते ना? डाव्या हाताने केली तरी चालेल. कशीही चालेल."

आबा चौथी शिकलेले. त्यांच्या पिढीत आमच्या भावकीत सही करणारे ते एकटे. तरुणपणी कचेरीत कारकुनाने न विचारताच शाईचं पॅड त्यांच्यापुढे सरकवलं होतं, तेव्हा त्यांनी ते दोन बोटांनी परत ढकललं आणि त्याच्याच खिशातलं पेन मागून घेतलं होतं. सासूबाई ही गोष्ट येईल त्याला सांगायच्या. झटका आल्यानंतरही, उजव्या हाताला आम्ही आधार द्यायचो आणि ते वेडीवाकडी का होईना, सहीच करायचे.

त्यांनी पेन घेतलं नाही. डावा अंगठा पुढे केला.

"अहो, पेन धरता येतं की तुम्हाला," नर्स म्हणाली. "आत्ता बटणं लावताना पाहिलं मी."

"येतं," आबा म्हणाले. "पर अक्षर वाईट हाय माजं. आंगटा घ्या."

ते हे सरळ तिच्याकडे बघून म्हणाले, माझ्याकडे नाही. टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांना ते तसंच वाटत होतं. नर्सने त्यांचा अंगठा धरून पॅडवर टेकवला आणि मग कागदावर दाबला. खाली साक्षीदाराची सही हवी होती. पेन माझ्याकडे आलं, आणि मी त्या अंगठ्याखाली सही केली.